राहेलबाईंनी प्रभुभोजन का घेतलं नाही

पाळकसाहेब, भाऊजी, अनिता, आपल्या मंडळीतले बंधू-भगिनी, आणि नवागामहून आलेल्या आमच्या चाळीतल्या शेजारणींनो,

दारात उभ्या आहात त्या आत या. सतरंजीवर जागा आहे. सरकून घ्या जरा.

मला बोलता येतं, असं तुम्ही सगळे म्हणता. महिला संगतीत मीच बोलते. बारशाला मी, साखरपुड्याला मी. आज मात्र तोंडातून शब्द फुटेनासा झालाय. पाळकसाहेब सकाळी घरी आले आणि म्हणाले, "सुमनबाई, राहेलबाईंबद्दल तुम्हीच बोला. तुम्ही त्यांचं सगळं सहन केलंत. तुमच्याएवढी शांती कुणाजवळ नाही." मी हो म्हणाले. आणि ते गेल्यावर ओट्याला टेकून रडले. तुम्हाला वाटलं असेल, जाऊ गेली म्हणून रडते. तसं नव्हतं, बायांनो. मला लाज वाटत होती. आत्ताही वाटते आहे.

राहेलबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. यांचे थोरले भाऊ, म्हणजे आपले भाऊजी, जालन्याकडून आधी सुरतेत आले, कापडाच्या लूमवर लागले. मागून आम्ही आलो. नवागामच्या चाळीत भिंतीला भिंत लागून खोल्या. एक नळ, एक ओटा. साड्यांचे धागे कापायचं काम दोघी एकाच गठ्ठ्यातून घ्यायचो. एवढं जवळ राहायचो, की त्यांनी फोडणी घातली की मी शिंकायचे.

राग त्यांच्या नाकावर. हे मी आज झाकत नाही, त्यांना आवडलं नसतं. साड्यांचा शेठ माल खराब म्हणाला, की त्याला त्याच्याच दुकानात मराठीत झाडायच्या. तो बिचारा "राहेलबेन, शांती राखो, शांती राखो" करत मागं सरकायचा. उपासनेत कुणाचं पोर किरकिर करायला लागलं, तर पोराला नाही, त्याच्या बापाला बोलायच्या. प्रार्थना करायच्या तीसुद्धा भांडल्यासारखी. "देवा, मागच्या आठवड्यात पण तुला हेच सांगितलं होतं, ऐकलंस का तू?" हसा, हसा. मीही हसायचे. माझं हसणं निराळं होतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

सुरतेत प्लेग आला त्या वेळचं आठवतं का? अर्धं नवागाम गावाला पळालं. तिसऱ्या खोलीतली म्हातारी मागं राहिली, लेकाला तिला नेणं जमलं नाही. जाऊबाई त्या लेकाच्या नावानं गल्लीभर ओरडल्या, आणि ओरडत ओरडतच म्हातारीला पेज करून नेली. लेक परत आला तेव्हा त्याची खरडपट्टी काढली, आणि मग त्यालाही जेवायला वाढलं. आमच्या धुळ्याच्या शेजारीण इथं बसल्या आहेत, त्या म्हणतात ना, "बाई तोंडनी तिखी शे, पन पोटमा काही ठेवस नही." अगदी बरोबर. त्यांच्या पोटात काही राहत नव्हतं. दिवस मावळायच्या आत वाटी यायची. सकाळी भांडण, संध्याकाळी वाटीत पिठलं. "घे गं, सकाळी जास्तच बोलले." झालं. मिटलं.

आणि माझ्या पोटात? माझ्या पोटात सगळं राहायचं. फक्त ते कुणाला दिसायचं नाही.

मी कधी त्यांच्याशी भांडले नाही. चाळीत विचारा कुणालाही. त्या ओरडायच्या, मी हंडा भरायचे आणि हसून म्हणायचे, "जाऊ द्या, जाऊबाई." एवढंच. चाळ म्हणायची, काय शांत बाई आहे. मंडळी म्हणायची, सुमनबाईंच्या अंगी प्रभूची सहनशीलता आहे. मला ते गोड लागायचं. खूप गोड लागायचं. आणि घरात आल्यावर मी यांना काय म्हणायचे? "त्यांना काय कळतंय? त्यांच्या तोंडी कोण लागणार?" आमचे हे समोर बसलेत, त्यांना माहीत आहे. थोरली वहिनी आणि बायको, माणूस काय बोलणार?

आता मी जे सांगते, ते भाऊजी आणि अनितानं नीट ऐकावं. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण गेले काही दिवस मंडळीत एक कुजबुज चालली आहे. माझ्या कानावर आली आहे, त्यांच्याही आली असणार. राहेलबाई रागात गेल्या, म्हणतात. शेवटच्या रविवारी प्रभुभोजन नाकारलं, म्हणतात. अनिता परवा मला विचारत होती, "काकी, आई राग मनात घेऊन गेली का गं?" आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं, तरी दिलं नाही.

आधी काय झालं ते सांगते. भगिनींच्या वार्षिक सभेत जाऊबाईंना प्रार्थना चालवायची होती. कित्येक वर्षं म्हणत होत्या. यंदा बायकांनी मला विचारलं, राहेलबाईंना देऊ या का? मी म्हणाले, "त्यांना नको. जाऊ द्या. त्यांचं कुठं मनावर घेता?" किती सहज म्हणाले! रागानं नाही बरं का. हसत म्हणाले. बायकाही हसल्या. ते हसू जाऊबाईंच्या कानावर गेलं, आणि त्या नळावर आल्या आणि मला बोलल्या. गल्ली गोळा झाली. मला ढोंगी म्हणाल्या, गोड बोलून गळा कापणारी म्हणाल्या. मी हंडा भरला आणि घरात गेले. गल्लीनं ठरवलं, राहेलबाईंची चूक.

मग आला रविवार. चाळीतल्या शेजारणींना आमची रीत माहीत नसेल म्हणून सांगते. प्रभुभोजन म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी जीव दिला त्याची आठवण, भाकर आणि द्राक्षारस. आपल्या या मंडळीत रीत अशी, की भाकर फिरवायच्या आधी पाळकसाहेब थांबतात. म्हणतात, कुणाशी काही वाकडं असेल तर आधी उठा, मिटवा, मग घ्या. एरवी आपण काय करतो? बसल्या जागेवरून एकमेकींकडे बघून मान हलवतो. झाली रीत.

जाऊबाई उठल्या. सगळ्यांच्या देखत, बायकांच्या पायांतून वाट काढत माझ्यासमोर आल्या. हात जोडले. म्हणाल्या, "सुमन, मी तुला चारचौघांत बोलले. चारचौघांतच क्षमा मागते. तुझं पण माझ्याबद्दल काही असंल तर सांग. आत्ता सांग."

आणि मी? मी हसले, बायांनो. त्यांचे हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या, जाऊबाई. माझ्या मनात काही नाही."

कुणीतरी मागून आमेन म्हणालं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग जाऊन बसल्या. भाकरीचं ताट त्यांच्यापुढं आलं तेव्हा त्यांनी ते शेजारणीकडे सरकवलं. मी भाकर घेतली. प्याला घेतला. माझ्या घशाखाली सगळं नीट उतरलं.

उपासना सुटल्यावर चपला घालताना तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "बघा, सुमनबाईंनी एवढं पोटात घातलं, तरी हिचा राग जाईना." मी ऐकलं. मी कुणाला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर मी त्यांना विचारलं, भोजन का घेतलं नाहीत? शहाणपणानं विचारलं, मोठ्या बहिणीनं समजवावं तसं. त्या ओरडल्या नाहीत. उलट आवाज इतका खाली, की मला नळ बंद करावा लागला. म्हणाल्या, "आपलं मिटलं कुठं गं? मिटल्याबिगर मी भाकरीला हात कसा लावू? तू म्हणतीस, काही नाही. काही नाही कसं? मी तुला एवढं बोलले. रागाव की माझ्यावर. दोन शब्द सुनाव. मग मी तुला क्षमा मागीन, तू मला माग, आणि मिटंल. तू तर मला माणसातच धरीत नाहीस."

आणि मी काय म्हणाले असेन? तुम्हीच ओळखा. तेच म्हणाले. आणि हंडा उचलला.

त्याच आठवड्यात साडीचे धागे कापता कापता त्या भिंतीला टेकल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दिवशी मीच त्यांच्या हातातली कात्री सोडवून घेतली.

आता तुम्ही मला सांगा. रागात कोण होतं?

प्रभूची शिकवण मी तुम्हा बायकांना किती वेळा शिकवली! खून करू नको, हे जुन्यांना सांगितलं होतं. प्रभू त्याच्याही मुळाशी गेला आणि म्हणाला, जो भावावर रागावतो तोसुद्धा न्यायाच्या दारात उभा आहे. हे मी घोकून घोकून शिकवलं. बोलताना नजर कुठं असायची माझी? जाऊबाईंवर. पण प्रभू तिथं थांबला नव्हता ना! पुढं तो म्हणाला, जो भावाला बिनकामाचा, मूर्ख म्हणतो, त्याच्यासाठी आग आहे. रागापेक्षा मोठी शिक्षा त्यानं तुच्छतेला ठेवली. ही पुढची ओळ मी भरभर वाचून पुढं जायचे. मला वाटायचं, मी कुठं कुणाला मूर्ख म्हणते? मी तर शिवी तोंडात आणत नाही. अहो, शिवी देणारा निदान तोंडाकडे बघून देतो. मी ते हसत म्हणायचे, म्हणून मला ते ऐकू येत नव्हतं.

आणखी एक. प्रभू म्हणाला, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. कुणाच्या मनात? भावाच्या मनात! तुझ्या मनात काय आहे, हे त्यानं विचारलंच नाही. आणि मी मात्र सगळ्या मंडळीसमोर छाती पुढं काढून सांगितलं, माझ्या मनात काही नाही. मला विचारलं कुणी होतं?

आणि ते तरी खरं होतं का? नव्हतं. मनात पुष्कळ होतं. मला त्यांचा राग होता. मत्सर होता. त्या दिवसभर ओरडायच्या आणि तरी चाळीतली पोरं त्यांच्याच दाराशी. माझा लेक विजय ताटावरून उठून त्यांच्याकडे जायचा, म्हणायचा, मोठ्या आईची भाकर चांगली. मी कधी आवाज चढवला नाही, आणि माझ्या दाराशी कुणी नाही. हे मला खुपायचं. त्यांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी मला चार शब्द सुनावले असते, मग पोटाशी धरलं असतं, आणि संध्याकाळी वाटी आली असती. मला हे ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही. त्यांच्यापुढं लहान व्हायचं नव्हतं मला.

अनिता, बाळा, ऐक. तुझी आई रागात गेली नाही. तुझ्या आईनं प्रभुभोजन नाकारलंही नाही. ती प्रभूनं सांगितलं तसंच वागली. अर्पण ठेवून माझ्याकडे आली. मी तिला रिकामी परत पाठवली, म्हणून ती भाकरीला शिवली नाही. त्या रविवारी या खोलीत भाकरीचं मोल एकट्या तुझ्या आईनं राखलं. आणि जिनं घ्यायला नको होती, तिनं घेतली. ती मी.

भाऊजी, तुम्ही आत्ता खाली बघताय. तुमचा हक्क आहे.

मंडळीतल्या बायांनो, उद्यापासून राहेलबाईंचं नाव निघालं आणि कुणी म्हणालं की ती रागीट होती, तर म्हणू दे. होतीच. पण कुणी म्हणालं की ती रागात गेली, तर त्याला माझं नाव सांगा. आणि सभा संपल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून मला सांभाळून घेऊ नका. झालं गेलं, असं म्हणू नका. तेवढी दया करा.

जाऊबाई, तुम्ही मला म्हणाला होतात, आत्ता सांग. तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते, पण तुम्ही ऐकायला नाही. मला तुमचा राग होता, जाऊबाई. मी तुम्हाला माझ्याहून खाली समजत होते. मला क्षमा करा. प्रभू, तुलाही मी फसवलं, मला क्षमा कर.

पाळकसाहेब, आता सगळ्यांना उभं राहायला सांगा. राहेलबाईंसाठी गप्प राहू या. तुम्ही सगळे गप्प राहाल तेव्हा मी इथून उतरून पलीकडे जाणार आहे, भाऊजी आणि अनिता बसलेत तिथं. ते तोंड फिरवतील, तर फिरवू द्या. मला बोलतील, तर बोलू द्या. कुणी मध्ये पडू नका.

उभे राहा.