डॉक्टर अनिसेतोंचं मंत्रिपद

सरका मंडळी, पुढे सरका, मागच्यांनाही टेकू द्या. आज एकच विचारतो – कोणाचा जीव वाचवायचा, तर त्याला अधिकार लागतो का? घाईने मान हलवू नका. आधी ऐका!

समुद्रापार, दक्षिण अमेरिकेत, डोंगरमाथ्यावर एक प्रजासत्ताक होतं. आपल्या पणजोबांच्या काळातली गोष्ट. तिथे राष्ट्राध्यक्ष बदलत – आपण झोपेत कूस बदलतो तसे! अशाच एका नव्या अध्यक्षाने अनिसेतो नावाच्या डॉक्टरला बोलावलं आणि न्यायमंत्री करून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "मला कायद्यातलं काही कळत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "इथे कोणाला कळतं?"

झाले मंत्री!

थोडे दिवस गेले असतील नसतील, एका सकाळी कचेरीत पेत्रोना नावाची बाई आली. "साहेब, माझ्या नवऱ्याचा छापखाना आहे. मागच्या अध्यक्षांची टिंगल छापली म्हणून आज दुपारी त्याला गोळी घालणार."

"पण ते अध्यक्ष तर पळून गेले."

"ते गेले. हुकूम राहिला."

डॉक्टरांनी टोपी घातली – आणि बाहेर तोफ वाजली. शिपाई धावताहेत. कोणाच्या बाजूचे? ठाऊक नाही. जिन्यात अर्थमंत्री ट्रंक ओढत होते.

"आपण अजून मंत्री आहोत का हो?"

"मी तुम्हालाच विचारणार होतो," ते म्हणाले, आणि गेले.

आता काय करायचं? डॉक्टरांना वाटलं, मी मंत्री नसेन तर माझा हुकूम म्हणजे फसवणूक. आधी विचारून घ्यावं. अध्यक्षांच्या वाड्यावर गेले – कळलं, ते सेनापतींकडे. सेनापतींकडे गेले – घर उघडं, टेबलावर कॉफी वाफाळतेय, माणूस नाही. पेत्रोना मागून चालतेय. आणि मंडळी, या साऱ्या वेळात ते मंत्रीच होते! सरकार पडलंच नव्हतं. अधिकार अंगावर घेऊन हा भला माणूस दारोदार विचारत होता – माझ्याकडे आहे का?

मग चर्चच्या घंटा घणघणल्या. नवा अध्यक्ष आला. आता मात्र मंत्रिमंडळ खरोखरच संपलं. पेत्रोना रस्त्यातच खाली बसली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि विचारणं सोडून सरळ तुरुंग गाठला.

तुरुंगाचा कप्तान रुफिनो अंगणात बंदूकवाले उभे करत होता; समोर भिंतीशी पेत्रोनाचा नवरा.

"या माणसाला सोडा." डॉक्टर म्हणाले.

"कोणाच्या हुकमाने?"

"मी सांगतो म्हणून."

कप्तानाने बंदूकवाल्यांना बाजूला केलं. मग त्याने किल्ल्या काढल्या.

नवरा-बायको सीमेपार गेले. नव्या सरकारने डॉक्टरांनाही हद्दपार केलं. पुष्कळ वर्षांनी ते परतले, पुन्हा नाड्या बघू लागले. एकदा म्हातारा रुफिनो खोकला घेऊन आला. डॉक्टरांना राहवेना.

"कप्तान, त्या दिवशी मी मंत्री उरलो नव्हतो. ठाऊक होतं तुम्हाला?"

"साऱ्या शहराला ठाऊक होतं."

"मग सोडलंत कसं?"

रुफिनो म्हणाला, "सकाळपासून वाट बघत होतो, कोणीतरी येऊन सांगेल म्हणून."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. शेजारच्या घरात सुनेला मार पडतो, ऐकू येतं ना? आणि आपण म्हणतो – मी कोण सांगणारा? अहो, मारणाऱ्याचा हातसुद्धा कधी कधी वाट बघत असतो, कोणीतरी थांब म्हणेल म्हणून. पांडुरंगाने जीभ दिली, तेव्हा हुद्दा विचारला होता का? मग जाताना त्या दाराशी जरा थांबा.