काकूची मिश्री

दात घासायचा विषय निघाला की मला काकूच आठवते. छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. वाकोल्याच्या चाळीत ती आम्हा पोरांना दात घासल्याशिवाय चहा द्यायची नाही. हातावर राखुंडी ठेवायची आणि नंतर "आ कर" म्हणून तोंड तपासायची. स्वतः मात्र तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिश्री लावायची.

पुढे तिच्या गालात झालेली जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दात रोज घासता ना?"

काकूला रागच आला. "रोज काय, दिवसातनं चारदा घासते."

"कशाने?"

"मिश्रीने. आणखी कशाने?"

डॉक्टरांनी काकांना बाहेर नेलं.

अर्धा जबडा काढल्यावर तिला बोलता येईना. मी भेटायला गेलो, तर तिने एका हाताने बँडेज सावरलं आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, आ कर.