लेपाची सळई

नाशिकच्या हाडांच्या दवाखान्यात साधनाच्या शेजारी दिंडोरीकडचं म्हातारं जोडपं बसलं होतं.

"पायातल्या पहिल्या सळईनं पू झाला. आता दुसरी नको मला."

"अगं मालन, या सळईला औषधाचा लेप हाय. जंतू चिकटायचं लय अवघड, म्हणले डाक्टर."

"मंग तुमीच घ्या घालून."

"माझा पाय कुठं मोडलाय?"

साधनाने हसू मासिकामागे लपवलं.

"छाटणीनंतर बुरशी लागू नये म्हणून द्राक्षाच्या खोडाला तू बोर्डो लावतीस ना? तसाच हा लेप."

"खोडाला दुखत नाय. मला दुखतं."

म्हातारा तिच्या पायाकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "लय दुखलं का गं तव्हा?"

"आज इचारलं व्हय!"

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, "मालनबाई, आत या."

"उठा की आता! धरा मला. सळई घालून घ्यायचीय ना?"