ब्रशच्या आवाजात

बारामतीत दवाखान्यासमोरच्या वॉशिंग सेंटरवर बसलो होतो. मशीनचा ब्रश एका गाडीच्या टायरवर घरघरत होता. शेजारच्या आजोबांपाशी त्यांची बायको धावत आली.

“प्रगतीला ऑपरेशनला आत नेलं, अन् तुमी हितं टायर घासून घेताय?”

“बाळ ह्याच गाडीतनं घरी येणार न्हवं?”

“कवाधरनं फोन लावतीया मी!”

“मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाय.”

“मग जरा लांब बसायचं.”

“ऐकू येऊ नये म्हणूनच हितं बसलोय.”

“बघा, माझा वाजतोय. जावयाचा हाय.”

“तूच घे.”

“हॅलो? व्हय... व्हय... अवो, पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत.”

“दोघी म्हणाला?”

“व्हय, दोघी. उठा आता.”

“परत एकदा इचार की गं.”