शेवंताबाईचं गणित

गणित रुक्ष असतं म्हणता, तर हे ऐका. दुष्काळ सरला त्या वर्षी मी अनसिंगला मास्तर होतो. शेजारच्या शेवंताबाईचा नवरा विहीर खोदताना दरडीखाली सापडून गेला. सातवी पास झाली तर तिला सरकारी दवाखान्यात नोकरी मिळणार होती, म्हणून ती दुपारी माझ्याकडे शिकायला यायची. पुढं पास झाली, नोकरीही लागली. पण तेव्हा गुणाकाराच्या आधी बेरीजच करून टाकायची.

शेवटी मी विचारलं, "घरी किती जन?"

"पाच."

"परत्येकाले दोन भाकरी, अन् कुत्र्याले एक. किती झाल्या?"

तिनं पाटीवर एक अधिक पाच गुणिले दोन असं मांडलं. "एक अन् पाच सहा, सहा दुणे बारा."

"काहून? कुत्र्याले बी दोन देता काय?"

नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. "पाच दुणे दहा, अन् एक अकरा. बराबर?"

"एकदम बराबर!"

तिचं हसू मावळलं. तिनं पदरानं पाच पुसले आणि चार लिहिले.

मी घाईनं म्हटलं, "रीत बराबर हाय, शेवंताबाई. परीक्षेत मार्क भेटतीन."

"परीक्षेचं नाही म्हनत, गुरुजी," ती म्हणाली. "मी अजून रोज पाच जनाइचाच सैपाक करून राह्यली."