मेइरची न बुडालेली पेटी

सन्माननीय अध्यक्ष यित्झहाक मास्तर, व्यासपीठावरील पाहुणे श्री. दाविद चिंचोलकर, आज ज्याला निरोप द्यायला आपण जमलो तो आपला मेइर, त्याच्या मातोश्री, आणि बंधुभगिनींनो,

ज्या व्यासपीठावर ही मंडळी बसली आहेत ते मी माझ्या हातांनी केलं. मास्तर, आपली खुर्चीही माझीच; खुशाल मागे रेला, ती कुरकुरणार नाही. या मोआदोनची, आपल्या सभाघराची, दोन्ही दारं, खिडक्यांच्या चौकटी, आपल्या सिनेगॉगमधलं सेफेर तोराच्या पवित्र गुंडाळीचं कपाट, रिबकाआजींच्या हातातली काठी, आणि मेइरच्या सिनेमातलं टेबल, लाकडी टाइपरायटर (त्याची बटणं खरोखर दाबली जातात) आणि एक पेटी. शाळा चार इयत्ता. पुढचं शिक्षण परळच्या रेल्वे वर्कशॉपात, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून. हाकलून देईपर्यंत बघत उभा राहायचो.

ही आत्मस्तुती नव्हे. मला सिनेमाबद्दल बोलायचं आहे, आणि तेव्हा कोणती वस्तू कुणाच्या हातची हे स्पष्ट असलेलं बरं.

मेइर तळकर आपल्या अश्केलोनच्या पाइपांच्या कारखान्यात काम करतो. करत होता, असं म्हणायला हवं. उद्याच्या बसनं तो एलातला बंदरावर नोकरीला चालला. गेल्या वर्षी त्यानं सिनेमा काढला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या शिमोनचा कॅमेरा, सामान आपल्या सगळ्यांच्या घरचं, आणि नायक स्वतः मेइर. गोष्ट अशी, की एका तरुणाला लेखक व्हायचं असतं. संपादक त्याचं लिखाण परत पाठवतात, म्हणून तो मिळेल तिथे लिहीत सुटतो. चादरीवर, दिव्याच्या शेडवर, शेजाऱ्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. शेवटी तो सगळे कागद पेटीत घालून समुद्रात बुडवतो आणि सुखानं कामाला जातो. हे विनोदी होतं. निदान मेइर तसं सांगत होता.

आता निरोपाच्या दिवशी खोटं बोलावं का? मी बोलणार नाही. सिनेमा चांगला नव्हता. आवाजाची सोय नव्हती, तेव्हा इथे दाखवताना पडद्याशेजारी मायक्रोफोन घेऊन मेइरच सगळ्यांचे आवाज काढत होता, आईचासुद्धा. सदऱ्याच्या प्रसंगाला कुणी हसलं नाही. पुढे बसलेली माझी भाची ओर्ना मागे वळून म्हणाली, "लो मत्झहिक, दोद." म्हणजे मामा, हसू येत नाही. या पोरांना मराठी कळतं, पण उत्तर हिब्रूतच येतं. आणि मोठी माणसं काय करत होती? गोष्ट कुणी बघतच नव्हतं! "अगं, ती माझी परात!" "तुझी कुठली? तुझीला पोचा आहे!" मुंबईहून बोटीनं आणलेलं आपलं सामान पडद्यावर शोधण्यात अख्खं सभागृह गुंतलेलं. माझ्या बायकोला, मिलीला, तिची किसणी दिसली तेव्हा तिनं मला असा चिमटा काढला की पुढचा प्रसंग माझा हुकला. काही विशेष हुकलं नसावं.

आता पेटी. मेइर म्हणाला, "मामा, एक साधी पेटी करून द्या, बुडवायचीच आहे." बुडवायची असली म्हणून काय झालं? माझ्या आजोबांचा नागावजवळ तेलाचा घाणा होता. लाकूड तेल कसं पितं हे मला कुणी सांगावं लागत नाही. सगळे सांधे डोव्हटेल, दातात दात अडकवलेले, आतून बाहेरून जवसाचं बेलतेल, झाकणाच्या खाचेत सायकलच्या ट्यूबचं रबर, कोपऱ्यांना पितळ. आत घालायला कोरे कागद कोण विकत घेणार? मेइरनं स्वतःच्या गोष्टी आणल्या, शाळेपासून लिहिलेल्या, आणि त्या घातल्या. वर दोन दगड.

समुद्रात लोटली. पेटी परत आली. आणखी दगड घातले, पुन्हा लोटली. पुन्हा परत, आणि थेट मेइरच्या पायाशी.

"मामा, एक भोक पाडा. एवढंसं."

"एवढंसं म्हणजे केवढं?"

"पेन्सिलीएवढं, मामा. पाया पडतो."

"माझ्या हातच्या पेटीला मी भोक पाडणार नाही. तुला बुडवायचीच असेल तर दुसरा सुतार बघ."

"अहो, पण शेवटच बदलतो ना!"

"मग बदल."

तेवढ्यात शिमोनची फिल्म संपली. म्हणून सिनेमाचा शेवट असा झाला, की पेटी परत येते आणि नायक गुडघाभर पाण्यात तोंड उघडं टाकून उभा.

तो शेवट इथे पडद्यावर दिसला. आणि दुसऱ्या रांगेतून रिबकाआजी मोठ्यानं म्हणाल्या, "नौगावला जहाज फुटलं तेव्हा हा सुतार कुठे मेला होता रे?"

काय हसलो आपण! पोरं हसली, त्यांना कुणीतरी जहाजाची गोष्ट हिब्रूत समजावली तेव्हा पुन्हा हसली. आणि मग हळूहळू कुणीच हसेना. आपल्या पूर्वजांचं जहाज नौगावच्या खडकांवर फुटलं. मूठभर माणसं किनाऱ्याला लागली, पोथ्या समुद्रात गेल्या, हे आपण आईच्या मांडीवर ऐकलं. आज इथे आपल्या मुलामुलींचं लग्न ठरलं की इथले रब्बी आजी, पणजी यहुदीच होत्या याचे दाखले विचारतात. कुठून आणायचे? त्या रात्री प्रत्येकाच्या मनात तेच होतं. ते आजींच्या तोंडून बाहेर पडायला या पडलेल्या सिनेमाची गरज लागली. मेइर, त्याबद्दल आम्ही सगळे तुझे ऋणी आहोत. हे मी औपचारिकपणे म्हणत नाही.

पण मेइरला वाटलं, आपण त्याला हसलो. तो मायक्रोफोन ठेवून निघून गेला. त्याच आठवड्यात त्यानं एलातच्या नोकरीला अर्ज टाकला आणि माझ्या सुतारखान्यात येऊन म्हणाला, "मामा, पेटी तुम्हाला ठेवा. आतलं बंबात घाला. मी आता लिहिणार नाही."

मेइर, मी ते बंबात घातलेलं नाही. वाचलं. काही गोष्टी सिनेमाइतक्याच वाईट आहेत. एक, तुझ्या आईनं बोटीवर रेलिंगला बांधून लोणच्याची बरणी सांभाळली ती, मी मिलीला दोनदा वाचून दाखवली, आणि तिनं स्टोव्ह बंद करून ऐकली. सिनेमा तू पुन्हा काढू नकोस. लिहिणं सोडू नकोस. पेटी दाराशी आहे, कागद आत कोरडे आहेत. सकाळी ड्रायव्हर कुरकुर करेल. त्याला सांग, जड आहे पण गळत नाही.

अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, माझ्या हातच्या बाकांवर इतका वेळ बसलात, याबद्दल मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या परातीचा, सिनेमाचा किंवा वयाचा अवमान झाला असेल तर पदरात घ्या. लाकूड मला जमतं, भाषण नाही.

एकच राहिलं, ते मिलीच्या आग्रहास्तव सांगतो, कारण ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या मते त्या पैशात आमचा अर्धा फ्रिज येत होता. पुरीमच्या सणानंतर तेल अवीवचा एक फर्निचरवाला माझ्याकडे आला होता. त्यानं पेटीवरून हात फिरवला, झाकण उघडलं, आणि म्हणाला, "ही रद्दी काढून टाक, पेटी मी आत्ता नेतो." मी नाही म्हणालो. तो रोख साडेतीनशे लिरा देत होता.