सीन, लाम, मीम

मौलवी: डोळे उघडे ठेव, योहान. शिडीला अरबीत काय म्हणतात?

योहान: सुल्लम. मौलवीसाहेब, जरा आडवा होऊ द्या ना.

मौलवी: अजिबात नाही. झोपलास की विष चढतं म्हणतात. धातू सांग.

योहान: सीन, लाम, मीम.

(नेवाशाजवळच्या गावात मौलवीसाहेबांची ओसरी. लढाईचे दिवस, त्यात रमजान. अरबी शिकायला आलेला शाळामास्तर योहान खांबाला टेकून बसलाय. मनगटावर फडकं बांधलंय. शेजारीण बनुबाई त्याला वारा घालतेय.)

मौलवी: त्याच तीन अक्षरांतून बोटाचं हाड?

योहान: सुलामा. हेच बोट. सायकल टेकवताना पऱ्हाट्यांच्या गंजीत हात गेला आणि साप...

बनुबाई: नाव घिऊ नका मास्तर. लांबडं म्हना. आमचं मालक गेल्यात डाक्टरला आनाया. मोटारीला पेट्रोल न्हाई, म्हून घोडीवर गेल्यात. येतीलच.

योहान: घरी दीनाला कळवलं नाही ना? दिवस भरत आलेत तिचे.

बनुबाई: न्हाई वो. तुमी बोलत ऱ्हावा.

मौलवी: सांग, सलीम. काटेरी झाड?

योहान: सलम. आपल्या बाभळीसारखं. अरब त्यावर कातडं कमावायचे. कचेरीत आगाऊ उचलतात ती तसलमात याच धातूची, तुमचा सलामही याचाच. पण तुम्ही मघापासून मला सलीम का म्हणताय ते कळतंय मला. कोशात वाचलंय मी. लांबडं चावलेल्या माणसाला अरब सलीम म्हणत.

बनुबाई: मंजी काय?

योहान: सुखरूप.

बनुबाई: चावलंय त्यालाच सुखरूप?

मौलवी: लांबडं चावलं की तुम्ही नाही का ‘पान लागलं’ म्हणत? त्यांनाही भीती वाटायचीच, बाई. भ्यालेला माणूस गोड बोलतो.

योहान: तुम्हाला वाटतेय भीती?

मौलवी: फार वाटतेय. हा पाला चाव. परसातून मीच तोडून आणलाय. कडू लागला तर विष चढलेलं नाही. लागतोय?

योहान: नाही.

मौलवी: नीट चाव, बेटा.

योहान: चावतोय. कडू नाही लागत. दीनाच्या आमटीची चव येतेय तोंडाला. मौलवीसाहेब, तिच्याकडे बघाल ना तुम्ही?

मौलवी: या अल्ला.

बनुबाई: आमटीची? आना बरं तो पाला हिकडं. बाबा, ह्यो तर कढीलिंब हाय. कडूलिंब पल्याड, भिताडापाशी. आनताना वाईच चाखून तरी बघायचा.

मौलवी: रोजा आहे माझा. आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

बनुबाई: बसा गप. मी आनते.

मौलवी: योहान, माझ्याकडे बघ. बोल काहीतरी.

योहान: सुल्लम, सुलामा, सलम...

बनुबाई: घ्या मास्तर, ह्यो चावा.

योहान: थू. कडूजहर आहे हो.

मौलवी: परत सांग.

योहान: कडू. जीभ वळेना इतका कडू. पाणी द्या आधी.

बनुबाई: देते, देते. सूज बी फडक्याच्या वर सरकली न्हाई. ऊन कासराभर चढलं की आता. ऐका, घोडीच्या टापा. मालक आलं, मागं डाक्टर बी हाय. बाबा, आता कशापायी रडताय?

मौलवी: रडू दे, बाई. सुटलो मी.

योहान: मला धीर देत होतात, आणि तुम्हीच?

मौलवी: धीर कसला. तुला एक शब्द विचारायचो आणि मनात दुसरेच जुळवत बसायचो. दीनाच्या दारात उभं राहून काय सांगायचं, ते.

योहान: मग, जुळलं काही?

मौलवी: अरबी येते, फारसी येते, उर्दू घरचीच, मराठीत तर सारा जन्म गेला. कशातच जुळत नव्हतं.